सदतिसावं उड्डाण

चौथ्या ओळीतलं शेवटचं अक्षर तिला स्वच्छ दिसत होतं, तरी ती गप्प राहिली. चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत नाकावर जड लोखंडी चौकट घेऊन ती बसली होती आणि डोळे तपासणारा माणूस एकेक भिंग सरकवत विचारत होता, "आता कसं? आधीचं बरं होतं की हे?" तिने मान तिरकी केली, एक डोळा मिटला, परत उघडला. "ताई, एवढा विचार नका करू हो, जे दिसतंय ते सांगून टाका," तो म्हणाला. बाहेर बाकावर दोघंतिघं खोळंबली होती. जे दिसतंय ते सांगून टाकायचं! तेवीस वर्षांची असताना ती तेच करायची, दिवसाचे आठ तास, आणि पगारही त्याचाच मिळायचा. पुढे ते सुटलं. आता समोर आलेल्या बसचा नंबरसुद्धा ती शेजारच्याला विचारून घेई, तापमापीतला पारा नवऱ्याला दाखवी, औषधाच्या बाटलीवरची तारीख सुनेकडून वाचून घेई. दिसत नाही म्हणून नव्हे. दिसतं त्यावर भरवसा नाही म्हणून. त्यामुळे पर्समधला फोन वाजला तेव्हा तिला सुटल्यासारखंच झालं.

पलीकडून एक तरुण मुलगी बोलत होती. विमानांच्या संग्रहालयात काम करते म्हणाली. "मॅडम, ते त्रिकोणी पंखांचं प्रायोगिक विमान होतं ना, कमी वेगाच्या चाचण्यांचं, त्याच्या फिल्म तुम्हीच वाचायचात ना? आम्ही ते पुन्हा उभं करतोय. जुन्या फायली चाळताना एका पाकिटात दोन तक्ते सापडले. दोन्ही सदतिसाव्या उड्डाणाचे, दोन्हींवर तुमची आद्याक्षरं. पण आकडे जुळतच नाहीत. एकात विमानाचा कल चौतीस अंशांपर्यंत जातो, दुसऱ्यात आठाच्या वर नाही. कुठला खरा धरू?"

"आठाचा," ती लगेच म्हणाली. "चौतीसचा माझ्याकडून चुकला होता." हे उत्तर इतकं सरावाचं होतं, की देताना तिला लाजही वाटली नाही.

"असं होय," मुलगी घुटमळली. "मग चिठ्ठीत उलटं कसं लिहिलंय?"

"कुठल्या चिठ्ठीत?"

"तक्त्यांना टाचणीने लावलीय. वाचते, थांबा. 'सदतीसऐवजी एकतीसचे रीळ वाचायला दिले. आधीचे वाचन बरोबर. दोन्ही तक्ते याच पाकिटात ठेवावेत, बाहेर देऊ नयेत.' खाली सही आहे, पण ती काही लागत नाही. फोटो पाठवू का?"

फोटो आला. नाकावर चौकट तशीच होती आणि त्या भिंगातून प्रत्येक अक्षर काळं, ठळक, जरा मोठंच दिसत होतं. सही पाहायची गरज पडली नाही. 'रीळ'मधल्या 'ळ'ची दुसरी गाठ पहिलीपेक्षा लहान होती आणि तिच्यातून एक बारीक रेघ खाली ओघळली होती. आज सकाळीच फ्रिजच्या दारावर तिने असाच 'ळ' वाचला होता: 'गोळ्या घेतल्यास का?' त्रेचाळीस वर्षांत नवऱ्याने या अक्षरात तिला किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील! डोळे तपासणारा माणूस वाकून विचारत होता, "ताई, पाणी आणू का?" ती म्हणाली, "नको. हेच भिंग राहू द्या. यातून दिसतंय." आणि चौथी ओळ, पाचवी, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ तिने एका दमात वाचून दाखवली.

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण घराच्या उलट दिशेने चाललो आहोत. वळली नाही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, खांबावरच्या जाहिरातीतले फोन नंबर, तिचे डोळे भुकेल्यासारखे सगळं वाचत सुटले होते. सरकारी इमारतीच्या कठड्यावर ती बसली, आणि मग डोळ्यांसमोर ती खोली आली. वाचनखोली म्हणत तिला. खिडक्यांना जाड काळे पडदे, मध्ये चार टेबलं, प्रत्येक टेबलात बसवलेली धुरकट काच, आणि खालून त्या काचेवर पडणारं फिल्मचं चित्र. विमानात वैमानिकाच्या पाठीमागे एक पेटी असे. पेटीत आठ तबकड्या आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेला एक कॅमेरा, सेकंदाला चार चित्रं घेणारा. वेग, उंची, सुकाणू, कल. विमान उतरलं, की फिल्म धुऊन येई, आणि चौघीजणी चित्रामागून चित्र पुढे सरकवत काट्यांची जागा वाचून तक्ता भरत. कंटाळवाणं काम, इतर तिघी म्हणत. तिला ते कधी कंटाळवाणं वाटलं नाही. वीस-पंचवीस चित्रं झाली, की काटे तिच्या अंगात शिरत. उंची कमी होऊ लागली की कानात दडा बसे, कल डावीकडे गेला की ती नकळत उजव्या कोपरावर भार देई. कधी विमानात पाय न ठेवलेली ती मुलगी रोज त्या काळोखात बसून उडत होती.

विमानाला सगळे इस्त्री म्हणत. कागदोपत्री त्याला लांबलचक क्रमांक होता, पण हँगरच्या वरच्या सज्जातून पाहिलं, की खाली कुणी कपड्यांची इस्त्री विसरून गेल्यासारखं दिसे: टोकदार नाक, तिथून सरळ मागे रुंद होत गेलेल्या दोन कडा, पाठीवर बांधलेलं इंजिन, पोटात न मिटणारी लांबुडकी चाकं. दिसायला बेंगरूळच. वेगाने जाण्यासाठी ते नव्हतंच मुळी. पुढे कधीतरी याच आकाराची मोठी, आवाजाला मागे टाकणारी विमानं निघणार होती. ती उतरताना अगदी हळू झाली, की कशी वागतील, एवढंच या गरीब जनावराने सांगायचं होतं. "जग धावतंय आणि आपण रांगायचं शास्त्र शिकतोय," असं त्याच्या लाकडी कडा रंधणारा म्हातारा सुतार म्हणे. कडांच्या मागे पंखावर लोकरीचे वीतभर धागे चिकटवलेले असत, वारा कुठे वळतो ते दिसावं म्हणून. हात हलके म्हणून ते चिकटवायचं कामही तिच्याकडेच होतं. ती शिडीवर उभी असताना एकदा खालून कुणीतरी म्हणालं, "हे धागे कशासाठी, सांगितलंय का कुणी तुम्हाला?" तो विभागातला तरुण इंजिनीयर. कुणीच सांगितलं नव्हतं. मग त्याने आपला तळहात पंखासारखा वर उचलला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हवा होऊन दाखवली: हवा पंखाच्या धारेवरून वर येते, आत वळते, सतरंजीसारखी गुंडाळत मागे जाते, दोन्ही बाजूंना अशा दोन गुंडाळ्या, आणि त्यांच्याच जोरावर ही बया इतक्या कमी वेगात तरंगते. "पण दोन्ही गुंडाळ्या सारख्या हव्यात," तो म्हणाला. "एक जरी बिघडली ना, तर हिला झोका घ्यावासा वाटतो." आकडे वाचणाऱ्या मुलीला आकड्यांचा अर्थ सांगावा असं वाटलेला तो पहिला माणूस. ती तिथेच, शिडीवरच, त्याची झाली. आता कठड्यावर बसून तिला ते दोन हात पुन्हा दिसले.

सदतिसाव्या उड्डाणाची फिल्म एका दुपारी तिच्या टेबलावर आली. पहिली दोनशे चित्रं साधी होती. मग वेग साठ नॉटांच्या खाली उतरला आणि कलाचा काटा हलला. डावा सहा. उजवा नऊ. डावा चौदा. तिने चित्र मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. उजवा एकवीस, डावा सत्तावीस, उजवा चौतीस. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. पोटात खड्डा पडला आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली. मग नाक खाली गेलं, वेग वाढला, झोके विरले. कॅप्टनने तिला सावरलं होतं. कॅप्टन म्हणजे इस्त्रीचा वैमानिक, तिशीतला, हसरा, भांडकुदळ. उतरल्यावर तो म्हणालाही होता, "साठच्या खाली बाईसाहेब डुलतात. किती ते फिल्म सांगेल." फिल्मने सांगितलं होतं. तक्ता भरून, खाली आद्याक्षरं करून, तिने तो कधी नव्हे तो स्वतः नेऊन इंजिनीयरच्या हातात दिला. त्याने वाचला. बराच वेळ वाचला. "उत्तम काम," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचनखोलीत आला, इतर तिघी यायच्या आधी. अगदी हळू आवाजात म्हणाला, "अगं, काल तुझी गफलत झाली. सुकाणूचा काटा कलाचा म्हणून वाचलास. शेजारशेजारच्या तबकड्या, होतं असं कुणाचंही. पुन्हा वाच बघू." रीळ त्याने स्वतःच्या हाताने चढवलं. तिने वाचलं. आठ. पुन्हा वाचलं, आठ. तिसऱ्यांदा प्रत्येक चित्रावर बोट ठेवून वाचलं. आठाच्या वर काटा जाईचना. काल आपण काय पाहिलं? एवढा खड्डा पोटात पडला तो कशाने? तिने नवा तक्ता भरला, खाली आद्याक्षरं केली, आणि मग तिला रडू आवरेना. त्याने रुमाल पुढे केला. "मी कुणालाही बोलणार नाही," तो म्हणाला. आणि तिला कृतज्ञ वाटलं! जीव ओवाळून टाकावा इतकं कृतज्ञ. उन्हाने तापलेल्या कठड्यावर बसलेल्या सहासष्ट वर्षांच्या बाईला आज बाकी सगळं सोसत होतं, ती कृतज्ञता तेवढी सोसत नव्हती.

त्यानंतर 'डोळ्यांना विश्रांती' म्हणून तिला टंकलेखनाला बसवलं. दोन आठवड्यांनी, एकोणचाळिसाव्या उड्डाणात, जमिनीपासून वीसेक हात उंचीवर इस्त्री आडवी झाली, पंखाचं टोक टेकलं, आणि कॅप्टनचा डावा पाय चाकाच्या दांड्यांत चेंबला. पेटी फुटली, फिल्मला उजेड लागला. वाऱ्याचा झोत आला आणि कॅप्टनचा हात चुकला, असं जेवणाच्या सुट्टीत सगळे बोलत होते. तिच्या मनात तेव्हा एकदा 'चौतीस' येऊन गेलं होतं. नाही असं नाही. पण ते आपल्याच डोळ्यांनी तीनदा खोटं ठरवलेलं होतं. ज्या काट्याने आपल्याला एकदा फसवलं त्याचं नाव घेऊन पुन्हा कुणापुढे जायचं? ती गप्प बसली. इंजिनीयर अपघातानंतर पार खचला. डोळे खोल गेले, दाढीचं भान राहिना. एका संध्याकाळी बसथांब्यावर तो म्हणाला, "आता मला एकट्याला निभत नाही. लग्न करू या." "कधी?" "लगेच. पुढच्या आठवड्यात." आई म्हणाली, अगं, कपडे शिवायलाही सवड नाही. पण ती हवेत होती. अकराव्या दिवशी नोंदणी कचेरीत सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघं समुद्राकाठी गेली. दहा दिवस. मध्ये एक दिवस त्याला कामासाठी परत जावं लागलं, तर त्याच संध्याकाळी धापा टाकत परत आला, मोठी पिशवीभर द्राक्षं घेऊन. सगळ्या संसारातून एकच गोष्ट निवडून घे, असं कुणी म्हटलं असतं, तर तिने ते दहा दिवस मागितले असते. आणि मग घर, मुलगा, बदल्या, पडदे, दुखणी. कधी मीठ दोनदा पडलं, चुकीचं बटण दाबलं, तारीख विसरली, की नवरा हसून म्हणे, "चौतीस!" मुलगा बोलायला लागला तेव्हा तोही म्हणू लागला. पुढे सून, नातवंडं. घरात 'चौतीस' म्हणजे आजीची चूक; शब्द कुठून आला हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि सगळ्यांबरोबर तीही हसत असे.

ती घरी पोचली तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बिघडलेला पंखा उघडून बसला होता. स्क्रू मापाप्रमाणे बशीत लावलेले. "मिळाला का नंबर?" त्याने वर न बघता विचारलं. तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं. 'हे काय आहे' असं तो विचारेल, या एका गोष्टीची तिने वाटभर आशा धरली होती, हे तिला तेव्हा कळलं.

"हे पाकीट मी जाळायला हवं होतं," तो म्हणाला.

"का केलंत?"

"त्या आठवड्यात समिती येणार होती. चौतीस बघितलं असतं, तर इस्त्रीला कुलूप लागलं असतं. अख्खा विभाग बंद. सुकाणूची जोडणी थोडी बदलली, की तो झोका आटोक्यात येणार, हे मला दिसत होतं गं. तीन आठवडे हवे होते मला. फक्त तीन आठवडे."

"मग खोटा तक्ता स्वतः लिहायचा होतात. मला कशाला पुन्हा वाचायला लावलंत?"

उत्तर उघड असल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या वाचनावर सगळ्यांचा विश्वास होता," तो म्हणाला.

हे तो कौतुकाने म्हणाला होता. इतक्या वर्षांत त्याने तिचं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं, आणि ते त्याच्या तोंडून अगदी सहज निघालं. "आणि कॅप्टन?" तिने विचारलं.

"त्याला मी बजावलं होतं, साठच्या खाली जाऊ नकोस म्हणून."

"का ते सांगितलंत?"

तो बशीतले स्क्रू हलवू लागला. "त्या दिवशी झोतही होता वाऱ्याचा. कशाने झालं, कुणाला ठाऊक? आणि जोडणी बदलली ना आपण नंतर. पुढची ऐंशी उड्डाणं सुखरूप झाली. ते कुणी लक्षात घेत नाही."

"घरात मला रोज चौतीस म्हणत होतात."

"ती गंमत होती. तूसुद्धा हसायचीस." मग त्याने तिचा हात धरला. त्याचा हात नेहमीसारखाच ऊबदार होता. "हे बघ, तुला कुणी बोट लावलं? तुझं नाव कुठे आलं? काही कमी पडू दिलं का मी तुला कधी?"

नाही. हेच खरं होतं, की काही कमी पडू दिलं नव्हतं. तिच्या बाळंतपणात तो रात्रंदिवस उशाशी होता, तिचे वडील गेले तेव्हा तो तिच्याहून जास्त रडला होता. तो दुष्ट असता, तर किती सोपं गेलं असतं. तिने हात सोडवून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, ओझं उतरल्यासारखं, आणि ते दिसल्यावर मात्र तिला राग आला: आता हे ओझंही मीच उचलायचं? "कॅप्टन आहेत का हो अजून?" तिने विचारलं. तो म्हणाला, "कशाला आता त्याच्याकडे? म्हातारा झालाय. जुनं उकरून काय मिळणार?" बाकी सगळं तो शांतपणे बोलला होता, हे एवढं घाईने बोलला.

कॅप्टनचा पत्ता संग्रहालयातल्या मुलीने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तासांच्या बसप्रवासानंतर ती एका लहान गावातल्या बैठ्या घरासमोर उभी राहिली. दार उघडायला बराच वेळ लागला. काठी आधी दिसली, मग तो. केस पांढरे, खांदे अजून रुंद, डावा पाय जरा आखूड.

"मी वाचनखोलीतली," ती म्हणाली.

"ओळखलं. सहीवाल्या बाई." तो दारातून हलला नाही. "नवऱ्याने पाठवलं?"

"त्यांना माहीतही नाही."

"मग चुकून आलात. माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही."

दार लागेल म्हणून ती उंबऱ्यावरूनच बोलू लागली. पहिला तक्ता, रुमाल, एकतीसचं रीळ, पाकीट. वाक्यं मागेपुढे झाली. शेवटी तिने फोन पुढे केला. त्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि चिठ्ठी दोनदा वाचली. मग तो बाजूला झाला. "आत या," म्हणाला.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत रोपांच्या कुंड्या. बायको गेल्याला सहा वर्षं झाली, त्याने आपणहून सांगितलं, आणि मग एकदम मुद्द्यावर आला. "अपघाताच्या चौकशीत त्यांनी तुमचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. आठ अंश. मी म्हटलं, अहो, सदतीसला मी होतो आत, माझ्या पोटाला कळलंय. तर एक गृहस्थ म्हणाले, पोटाची नोंद नसते, कॅप्टन. मी म्हटलं, त्या बाईंना बोलवा. त्या मुलीला मी ओळखतो. मागे एकदा उंचीवरून मी तिच्याशी भांडायला गेलो होतो, तर तिने अख्खं रीळ लावून माझीच चूक मला दाखवली. ती खोटं बोलणार नाही."

"मला कुणी बोलावलं नाही," ती म्हणाली. "चौकशीत मलाही विचारणार होते, हेच मला आज कळतंय."

"तुम्ही यायला नकार दिलात, असं सांगितलं मला."

"कुणी?"

"तुमच्या यजमानांनीच. सगळ्यांसमोर. म्हणाले, आमचं नुकतंच लग्न झालंय, तिला ही दगदग नको, तक्त्यावर सही आहे तोच तिचा जबाब. सकाळच्या गाडीने आले होते. साक्ष झाल्यावर सारखे घड्याळ बघायला लागले. अध्यक्षांनी विचारलं, घाई कसली? तर म्हणाले, बायको समुद्रावर वाट बघतेय. सगळे हसले. मीही हसलो बहुतेक." तो थांबला. "काय झालं?"

काही नाही, असं ती म्हणाली असावी. त्या दिवशी ती किनाऱ्यावरच्या भिंतीवर बसून होती, सकाळपासून. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. वाळूतून धावत येणारा तो दिसला तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याकडे असं धावत कुणीतरी येतंय, याहून जास्त माणसाला काय हवं? द्राक्षं तिने एकेक करून त्याला भरवली होती. त्याने डोळे मिटून घेतले होते, दमून. म्हणजे लग्नाची ती घाई. अकरा दिवस. साक्षीदार बायको झाली, की तिला कुणी बोलावत नाही. आणि बोलावलंच, तर तिच्या वतीने नवरा बोलतो. त्याने तिच्यावर प्रेम केलं नव्हतं, असंही नव्हतं. केलं असेल. पण कुठलं वाक्य प्रेमाचं आणि कुठलं त्या पाकिटाचं, हे आता त्यालाही वेगळं काढता आलं नसतं, आणि तिला तर ते काढत बसायला उरलेलं आयुष्य पुरलं नसतं. ते दहा दिवसही गेले. समोरचा माणूस पाण्याचा पेला पुढे करत होता.

"त्रेचाळीस वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "मनातल्या मनात. बायकोसमोर मोठ्यानेसुद्धा."

"बरोबर होतं तुमचं. तुम्हाला दिसलं ते तेवढंच होतं."

"आणि कधीकधी वाटायचं, तक्ता खरा असेल. माझाच हात चुकला असेल. ते शिव्यांपेक्षा वाईट."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि जगात हे वाक्य खरेपणाने म्हणू शकणारी आपण एकटीच आहोत, हे तिला जाणवलं.

तिने कागद मागितला. टेबलावर बसून, काही न खोडता, दोन पानं लिहिली: दुपारची फिल्म, साठच्या खालचे झोके, सकाळचं रीळ, ते कुणी चढवलं, तेही नावानिशी. कॅप्टनने वाचून साक्षीची सही केली. फोटो काढून तिने तो संग्रहालयातल्या मुलीला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, की दोन्ही तक्ते, चिठ्ठी आणि हे निवेदन विमानाशेजारी एकाच काचेच्या कपाटात लावू या असं वरिष्ठ म्हणतायत, तुमची आणि कॅप्टनची हरकत नाही ना? नाही, तिने कळवलं. मग फोन वाजला. नवरा होता. "अगं, कुठे आहेस? मुलाला फोन केला, त्यालाही माहीत नाही. गोळ्या इथेच राहिल्यात तुझ्या." ती म्हणाली, "कॅप्टनकडे आहे. त्यांनी मला चौकशीचा दिवस सांगितला." तो बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "मी इथून माझ्या ताईकडे जातेय. राहायला. गोळ्या तिथे मिळतात." तिने फोन ठेवला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तिची बस तासाभराने होती. कॅप्टन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आपल्या पंजांकडे बघत होता. "एक सांगू?" तो म्हणाला. "मी नेमकं काय केलं, ते मला कुणी विचारलंच नाही. हात चुकला, हे आधीच ठरलं होतं ना. मग कसा चुकला, कशाला विचारतील?"

"मी विचारते," ती म्हणाली. "दाखवा."

त्याने काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे घेतले, एका हाताची मूठ गुडघ्यांच्या मध्ये, सुकाणूची दांडी धरल्यासारखी, दुसरा तळहात हवेत सपाट, विमानासारखा. तळहात अगदी हळू खाली येऊ लागला, आणि मग थरथरला. डावीकडे कलला. मुठीने उलटा झोका दिला, आणि तळहात उजवीकडे, जास्त. "इथे मी सोडून द्यायला हवी होती," तो पुटपुटला, "सोडली असती, तर तिची तीच सावरली असती, पण मला कसं कळणार? आठ अंश म्हणाले होते मला. आठाला सोडायचं नसतं, आठाला धरायचं असतं." तळहात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खांदा वाकला, त्याबरोबर आखूड पाय जमिनीवरून उचलला गेला. मान ताठ, डोळे समोरच्या भिंतीपलीकडे कुठेतरी. ती पापणी न लवता बघत होती. तळहात उभा झाला आणि धाडकन टेबलावर आपटला. पाण्याचा पेला कलंडला. पाणी कडेवरून ओघळून फरशीवर पडू लागलं, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"असं झालं," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"हो," ती म्हणाली. "असंच होणार होतं. तुमच्या जागी कुणीही असतं तरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं, ओला तळहात हळूच पँटला पुसला, आणि एखाद्या मुलाने भीत भीत विचारावं तसं विचारलं, "पुन्हा दाखवू?"

तिने आपली खुर्ची पुढे ओढली.

"दाखवा," ती म्हणाली. "सावकाश दाखवा. मी बघतेय."